बाईची झोप कुठे गेली?

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब चालू असताना दोघींना डुलकी लागली आणि सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. मग एकीनं विचारलं, काल रात्री कोण किती वाजता निजलं आणि किती वाजता उठलं? एकेक जण सांगू लागली तसं हसू थांबलं. अकरा ते चार. साडेअकरा ते साडेचार. मोठ्या माणसाला रात्री निदान सात तास झोप हवी आणि आपल्याकडे बहुतेकींची पाचच तास भरत होती. म्हणून आज झोपेचा इतिहास सांगतो. राजेरजवाड्यांचा नाही, कामकरी बाईचा.

सुरुवात जात्यापासून करावी लागेल. गटातल्या एका आजींच्या सासरी खाणारी तोंडं अकरा होती, रोज पायलीभर जोंधळा दळायचा. घरात घड्याळ नव्हतं. पहाटेची चांदणी दिसली की उठायचं, जावेला हाक मारायची आणि दोघींनी मिळून खुंटा धरायचा. उजाडायच्या आत पीठ तयार हवं, कारण मग पाणी, शेण, भाकरी आणि शेत होतंच. झोप येऊ नये, हात चालता राहावा म्हणून ओव्या गायच्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून जमवलेल्या ओव्या लाखाच्या वर आहेत. आपल्या आज्या-पणज्यांचं ते मोठं धन आहे. पण एवढ्या ओव्यांमागे किती मोडलेल्या झोपा असतील, हेही आमच्या मनात येऊन जातं.

लवकर उठण्याचं कौतुक आपल्याकडे फार. ते खोटं नाही, पण लवकर निजणाऱ्यानं ते करावं. घरातलं शेवटचं भांडं घासून निजणारी बाई पहाटे सगळ्यांत आधी उठते, तेव्हा तिची झोप दोन्ही टोकांनी कापली जाते.

आता त्याच्याही आधीच्या मुंबईत जाऊ. घाटावरून आणि कोकणातून गेलेल्या कितीतरी बाया तिथे कापडगिरण्यांत राबत होत्या. विजेचे दिवे नव्हते, तेव्हा दिवस उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही जास्त. घरचं रांधून मग गिरणी गाठायची म्हणजे बाईला उजाडायच्या कितीतरी आधी उठणं आलं. रविवारचीही सुट्टी नव्हती. १८८४ साली सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. मागण्या साध्याच होत्या: आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन गिरणीकामगार बायाही बोलल्या. एकशे तीस वर्षांहून जुनी ही गोष्ट आहे, मैत्रिणींनो. ग्रामसभेत उठून बोलायला आजही आपले पाय लटपटतात, त्या दोघी दहा हजारांपुढे उभ्या राहिल्या. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. पुढच्या वर्षीच्या कायद्यानं बायांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची हद्द घातली.

पुढे १९०५च्या सुमाराला गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि मालकांना सूर्याची गरज उरली नाही. पुरुष कामगारांचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. त्यावर पुन्हा लढे झाले, पुन्हा कायदे झाले आणि १९४८च्या कारखाने कायद्यानं दिवसाला नऊ तास ठरले. पण तो कायदा कारखान्याच्या दारापुरता. चूल, धुणं, गोठा यांना तास कुणी ठरवून दिले नाहीत.

गावात पिठाची गिरणी आली, कुठे डिझेलवर तर कुठे वीज आल्यावर, आणि जातं सुटलं. तो वेळ झोपेला मिळायला हवा होता. मिळाला तो मजुरीला, मुलांच्या शाळेच्या डब्याला, रात्रीच्या मालिकेला आणि आता मोबाइलला. शेतपंपाची वीज रात्रीची असेल, तर धनी पाणी द्यायला जातो आणि ती जागी राहते.

शरीराचं म्हणणं मात्र जुनंच आहे. १७२९ साली फ्रान्समधल्या मेरान नावाच्या शास्त्रज्ञानं लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवलं. ऊन नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत. म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच होतं. तसंच ते आपल्याही आत आहे. ते पेशीत कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. आमच्या आजींना विचाराल तर त्या सांगतील, जातं कधीच परसात पडलं, पण जाग अजून त्याच वेळेला येते.

वर्षानुवर्षं झोप अपुरी राहिली की रक्तदाब, साखर आणि वजन वाढण्याचा धोका वाढतो. चिडचिड होते, विसरायला होतं, विळा हातावर चालतो.

मग करायचं काय? उठायची वेळ रोज एकच ठेवा. संध्याकाळनंतर चहा नको. निजण्याआधी तासभर मोबाइल लांब ठेवा, त्याचा उजेड आतल्या घड्याळाला दिवसच भासतो. दुपारी अर्ध्या तासाहून जास्त लवंडू नका, नाहीतर रात्रीची झोप मोडते. मच्छरदाणी लावा. रात्री पायांत कसंतरी होऊन ते सारखे हलवावेसे वाटत असतील, तर अंगात लोह कमी असू शकतं, आशाताईंना सांगून रक्त तपासून घ्या. मोठ्यानं घोरताना मधेच श्वास अडकत असेल किंवा आठवड्यातून तीन-चार रात्री झोप लागत नाही असं तीन महिने चाललं असेल, तर दवाखाना गाठा. दुकानातून झोपेची गोळी आपल्या मनानं आणू नका.

यातलं निम्मं एकटीच्या हातात नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. रात्रीची भांडी लेकानं घासली, पहाटेचं पाणी धन्यानं तापवलं, तर तासभर झोप वाढते. आमच्यातल्या तिघींनी घरी हे बोलून पाहिलं. एकीच्या घरी जमलं, एकीच्या घरी भांडण झालं, तिसरीच्या सासूबाई म्हणाल्या, आम्ही कुठं निजलो होतो? त्यावर तिला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या बैठकीला येताना आठवडाभराच्या निजायच्या नि उठायच्या वेळा लिहून आणा. बचतीच्या वहीतच, मागच्या पानावर.