पायातला गोळा आणि मिठाचा खडा

1919 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकरी कुटुंबांतील मुले अनवाणी धावली. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी त्यांचा वेग पाहिला आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारताचा चमू पाठविण्याचे ठरले. त्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार आणि आपल्या हुबळीचे एच. डी. कैकिणी यांची निवड झाली. तेथील मॅरेथॉनचे अंतर 42.75 किलोमीटर, म्हणजे आजच्याहून अधिक होते. चौगुले एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही.

एवढ्या अंतरात धावपटूला दमापेक्षा धाक असतो तो पोटरीत येणाऱ्या गोळ्याचा. ही व्यथा आपल्या परंपरेला नवी नाही. चरकसंहितेत वातव्याधींमध्ये तिला ‘खल्ली’ म्हटले आहे. तालमीत, किंवा इकडच्या बोलीत गरडीमनेत, वस्ताद पाय ताणून धरीत आणि तेल चोळीत. कारण वाताचे सांगितले जाई; उपाय मात्र हाताचा होता.

पाश्चात्य वैद्यकाने कारण शोधले ते खाणीत. 1923 मध्ये के. नेव्हिल मॉस यांनी इंग्लंडच्या कोळसाखाणीतील मजुरांविषयी लिहिले. उष्ण खाणीत घाम गाळून ते भरपूर साधे पाणी पीत आणि त्यांच्या स्नायूंत पेटके येत. पाण्यात मीठ घातले की आराम पडे. निष्कर्ष खाणीपुरता खरा होता. पुढे तो मैदानावर आला आणि ‘गोळा म्हणजे मिठाची उणीव’ हे समीकरण रूढ झाले.

1997 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे मार्टिन श्वेल्नस यांनी त्याला छेद दिला. थकलेल्या स्नायूला आकुंचनाची आज्ञा वाढते आणि तिला आवरणारा मज्जासंस्थेचा लगाम सैल पडतो, असे त्यांनी मांडले. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, लांब पल्ल्याच्या शर्यतीत गोळा आलेल्या व न आलेल्या धावपटूंच्या शरीरातील पाण्यात व सोडियममध्ये महत्त्वाचा फरक आढळला नाही. स्नायू ताणताच गोळा का सुटतो, याचा उलगडा या विचाराने होतो. वाद मात्र अजून मिटलेला नाही. कडक उन्हात घामाने मीठ गेले असेल, तर मॉस यांचे निरीक्षण आजही उपयोगी आहे.

याचे व्यावहारिक मोल आपल्या घरांत अधिक आहे. पहाटे फिरायला निघणाऱ्या ज्येष्ठाला रक्तदाबाचा विकार असेल आणि तो गोळ्याच्या भीतीने मिठाचे पाणी घेत असेल, तर एका व्याधीच्या धास्तीने तो दुसरीला आमंत्रण देतो. चाल हळूहळू वाढवावी, गोळा आल्यास थांबून पायाची बोटे गुडघ्याकडे ओढून धरावीत, आणि वारंवार येऊ लागल्यास वैद्याला दाखवावे. वस्तादांचा वाताविषयीचा तर्क आज कोणी मानो वा न मानो. त्यांच्या हाताने केलेला उपाय शास्त्राच्या कसोटीला उतरला आहे.