बांधावरची पाथरी

गुरुजी, पुस्तकातल्या डँडेलियनसारखं पिवळं फूल अणदूरच्या बांधावर दिसलं, तर फसू नका बरं का! ती आपली पाथरी. दोन्हींची पानं जमिनीलगत पसरतात, मोडली की पांढरा चीक येतो. पण डँडेलियनचा दांडा पोकळ, बिनपानाचा, शेंड्याला एकच फूल. पाथरीच्या दांड्याला फांद्या फुटतात, फुलं अनेक.

कोलकात्याच्या वनस्पती-उद्यानाचे रॉक्सबर्ग यांनी तिचे वर्णन लिहिले, ते त्यांच्या मागे १८३२ साली छापले गेले. 'लॉनिया प्रोकम्बेन्स' हे आजचे नाव रामय्या व राजगोपाल यांनी १९६९ साली दिले. आपल्या बायाबापड्यांनी मात्र नावाची वाट पाहिली नाही. कोवळा पाला भाकरीबरोबर कच्चाच खाल्ला. तणनाशक फवारलेल्या बांधावरची तेवढी खुडू नका.