हात कुणाचा धरायचा?



पत्रकात लिहिलेलं असतं, रब्बी ज्वारी 45 × 15 सेंमी. रानात टेप घेऊन कोण फिरतंय? आपल्या जुन्या मापात बघा. 24 अंगुळांचा हात, 12 अंगुळांची वीत. हात 18 इंचांचा, म्हणजे जवळजवळ 45.7 सेंमी. तर 45 सेंमी म्हणजे एक हात, 15 म्हणजे आठ बोटं, आडवी आणि चिकटवून. कपाशीचे 90 म्हणजे दोन हात. चार फुटी सरी म्हणजे दोन हात, एक वीत, चार बोटं. विहिरीची खोली मात्र परसात, म्हणजे माणसाच्या उंचीत.

दोन झाडांतल्या अंतराला हे चालतं. साऱ्याला चालत नाही.

शिवाजी महाराजांच्या राज्यात अण्णाजी दत्तोंनी जमीन मोजली ती काठीनं. काठी 5 हात 5 मुठींची. 20 काठ्या लांब, 20 काठ्या रुंद तो बिघा, 120 बिघ्यांचा चावर. सभासद बखरीत हे आहे. नुसता हात म्हणून सोडलं नाही, तो 14 तसूंचा ठरवला, अख्खी काठी 82 तसूंची. माझ्या मते खरी अक्कल इथंच आहे. हिशेब करून बघा: हात 18 इंचांचा धरला तर बिघा साधारण 28 गुंठ्यांचा होतो, साडेएकोणीसचा धरला तर 33 चा. दीड इंचात पाच गुंठे! सारा बिघ्यावर. मोजणाऱ्यानं आखूड काठी आणली की तेच रान जास्त बिघे भरणार आणि कुणबी जास्त सारा भरणार. म्हणून काठी ठरलेली पाहिजे, माणसाचा हात नाही.

पुढं इंग्रज आले. 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात विंगेट-गोल्डस्मिड यांची पद्धत लागू झाली. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. 33 × 33 फूट म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. (फूट म्हणजे पाऊलच की, फक्त साहेबाचं.)

1956 च्या कायद्यानं मीटर आला, सातबारावर हेक्टर-आर आले. आर आणि गुंठा एकच, असं पारावर सर्रास म्हणतात. तसं नाही. आर 1076 चौरस फूट, गुंठा 1089. सातबारावर 200 आर असतील आणि तुम्ही 200 गुंठ्यांचे पैसे मोजले, तर सव्वादोन गुंठ्यांचे फुकट गेले. आजच्या भावात ते किती होतात, तुम्हीच बघा.

माझा हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत 47 सेंमी भरतो, मंडळींचा 41. विरळणीला आलेल्या प्रत्येकीची आठ बोटं वेगळी. म्हणून मी तुरीच्या काटक्या 15 सेंमीला तोडून प्रत्येकीच्या हातात एक देतो.