महिंद्राच्या विजेच्या शर्यतगाड्या

ऑर्डनन्स आणि एमआयडीसीच्या शेजारी वाढलेल्या आपल्या बॅचसाठी यंत्रांचीच एक गोष्ट लिहिते आहे.

सप्टेंबर 2014 मध्ये बीजिंगला फॉर्म्युला ई ही विजेवरच्या गाड्यांची शर्यतमालिका सुरू झाली. दहा संघांत भारतीय एकच, महिंद्रा. तेव्हा एका बॅटरीवर शर्यत पूर्ण होत नसे. चालक मध्येच उतरून दुसऱ्या गाडीत बसत. पहिल्या हंगामात महिंद्रा आठवा आला.

या खेळात वेगाइतकीच विजेची बचत महत्त्वाची. ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी चालते आणि वीज बॅटरीत परत जाते. आपल्या नव्या लोकल तीच वीज वरच्या तारेत परत देतात. हे गणित जमत गेले. 10 जून 2017 रोजी बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टने संघाला पहिला विजय मिळवून दिला. त्या हंगामात संघ तिसरा आला.

पुढे घसरण झाली. 11 फेब्रुवारी 2023 रोजी हैदराबादला भारतातली पहिली फेरी झाली. दोनच आठवड्यांनी केपटाऊनला मागच्या सस्पेन्शनबद्दल शंका आली आणि महिंद्राने दोन्ही गाड्या शर्यतीआधीच मागे घेतल्या. हंगामाअखेर अकरा संघांत दहावा क्रमांक.

मला मात्र संघाचा हाच निर्णय सर्वांत मोठा वाटतो. ठरलेल्या तारखेला सॉफ्टवेअरचे रिलीज थांबवणे किती जड जाते, हे मी रोज पाहते. तिथे तर चालकांचा जीव पणाला होता.

2024-25 मध्ये संघ पुन्हा चौथ्या क्रमांकावर आला. सर, बाई, शंका आली तर उत्तर पुन्हा तपासा, हे तुम्हीच शिकवलेत.