लासलगांवचा कांदा आणि प्रयोगशाळेंतील उंदीर

नाशिक जिल्ह्यांत लासलगांवीं कांद्याचे मोड रोखणारें कोबाल्ट-६० चें किरणकेंद्र २००२ सालीं सुरू झालें. कांद्यास तेथें सुमारें ६० ग्रे इतकी किरणमात्रा देतात. १० ग्रे सर्वांगीं लागल्यास बहुतेक उंदीर महिन्याभरांत दगावतात. कारण एकच : कोंब काय किंवा अस्थिमज्जा काय, पेशी जेथें झपाट्यानें वाढतात तेथेंच किरणांचा घाव बसतो.

किरण कांद्यांत उरत नाहींत. तरी असें अन्न निर्धोक काय? १९७० नंतरच्या दशकांत हैदराबादच्या शास्त्रज्ञांस किरणित गहूं खाल्लेल्या उंदरांच्या पेशींत दोष दिसले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रास ते आढळले नाहींत. अखेर १९८० सालीं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीनें १० किलोग्रेपर्यंतचें अन्न सुरक्षित ठरविलें.

त्या निर्वाळ्यामागें असंख्य मुक्या जीवांचे प्राण आहेत. निःशंकपणें कांदा चिरतांना आम्हीं तें ऋण विसरूं नये.