थोड्या विजेचा दिवा : सातपुड्यांतील एक प्रकरण

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया व तह यांचीच आठवण आपणांस प्रथम होते. दिव्याचाहि इतिहास असतो व तो सांगण्याजोगा असतो, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वास्तविक रात्रीं घरांत किती उजेड पडतो, यावर त्या घरांतील मुलांनीं किती वाचावयाचें, स्त्रियांनीं किती धुरांत राबावयाचें, आणि उंबऱ्याशीं बसलेला विंचू वेळीं दिसावयाचा कीं नाहीं, इतक्या गोष्टी अवलंबून असतात. बटण दाबतांच खोली उजळणाऱ्या शहरांतील कुटुंबांस याचा विसर पडणें स्वाभाविक आहे. म्हणून आज मीं आपणांस सातपुड्याच्या डोंगरांत घेऊन जाणार आहें.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याच्या अक्कलकुवा तालुक्यांत, देवगोईचा घाट चढून गेल्यावर, मोलगी हें बाजाराचें गांव लागतें. भगर, आमचूर व मोहाचीं फुलें यांची येथें मोठी उलाढाल होते. जवळच काठी संस्थानची प्रसिद्ध होळी पेटते. या गांवापासून उत्तरेस व पूर्वेस डोंगरांच्या रांगा नर्मदेपर्यंत उतरत जातात. देशावर जसें घराला घर लागून गांव असतें, तसें येथें नाहीं. एका गांवाचे अनेक पाडे असतात, आणि पाड्यांतील घरेंहि आपापल्या शेताच्या कडेला, एकमेकांपासून दूर, उतारावर विखुरलेलीं असतात. विजेच्या तारेचा खर्च अंतरावर ठरतो, आणि तिची मिळकत गिऱ्हाइकांच्या संख्येवर. ज्या मुलखांत अंतर फार व गिऱ्हाईक थोडें, तेथें तार सर्वांच्या शेवटीं पोंचते. या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या चुलीचा जाळ, आणि रॉकेल मिळेल त्या दिवशीं चिमणी, एवढाच उजेड होता.

अशा घरांत मोठ्या विजेवांचून दिवा कसा लावावा, हा प्रश्न दोन बाजूंनीं सोडवावा लागतो. थोडी वीज कोठून आणावी, ही एक बाजू. आणि त्या थोड्या विजेतून पुष्कळ उजेड कसा काढावा, ही दुसरी. दुसरीकडे आपलें लक्ष कमी जातें. म्हणून तिच्यापासून आरंभ करूं.

एडिसनच्या पद्धतीचा साधा बल्ब म्हणजे तापवून लाल-पांढरी केलेली तार होय. त्यास दिलेल्या विजेची बहुतेक सर्व उष्णता होते. उजेड हा जणूं तिचा सांडलेला अंश. नळीचा दिवा निराळ्या तत्त्वावर चालतो. काचेच्या नळींत पाऱ्याची अत्यंत विरल वाफ असते. तिच्यांतून विजेचा प्रवाह गेला म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात. नळीस आंतून जी पांढरी पूड फासलेली असते, ती हे किरण शोषून त्यांचा दृश्य उजेड करते. अमेरिकेंत १९३८ मध्यें हे दिवे प्रथम विक्रीस आले, व पुढल्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत लोकांनीं ते कौतुकानें पाहिले. १९८० मध्यें फिलिप्स कंपनीनें तीच नळी दुमडून, लहान करून, साध्या बल्बच्या जागीं बसेल असा दिवा काढला. त्याला आपण सीएफएल म्हणून ओळखतों. एवढ्याच विजेंत साध्या बल्बच्या चौपट-पांचपट उजेड, हा त्याचा गुण.

परंतु डोंगरांतील घरांत वीज बहुधा बॅटरींतून येते. शिशाच्या बॅटरीचें एक घर सुमारें २ व्होल्टचें. अशीं ६ घरें जोडलीं कीं १२ व्होल्ट. नळी पेटण्यास मात्र शेंकडों व्होल्टचा दाब लागतो. शिवाय नळीस बॅटरीचा सरळ, एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह सतत दिला, तर पारा हळूहळू एका टोंकाकडे सरकतो आणि दुसरें टोंक अंधारें पडतें. ही अडचण ट्रान्झिस्टरनें सोडविली. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मलेला हा चिमुकला पदार्थ बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारों वेळां उलटसुलट करूं शकतो, आणि मग एक लहानसा ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवितो. दिव्याच्या बुडाशीं दडलेलें हें यंत्र म्हणजेच इन्व्हर्टर. यांत एक लाभहि झाला. इतक्या जलद उलटापालटींत नळींतील वायूस विझण्यास अवसरच मिळत नाहीं. त्यामुळें उजेड स्थिर राहतो, व थोडा अधिकहि पडतो.

कमी दाबाच्या विजेचा एक दोष मात्र कोणत्याहि युक्तीनें जात नाहीं. ६० वॅटच्या कामास २३० व्होल्टवर पाव ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह पुरतो. १२ व्होल्टवर ५ ॲम्पिअर लागतो. तारेंतील नाश प्रवाहाच्या वर्गानें वाढतो. म्हणून तीच तार वापरली तर १२ व्होल्टवर तो साडेतीनशेंहून अधिक पट होतो. यास्तव बारा व्होल्टचा दिवा एका घरापुरता चांगला. एका घराची वीज दुसऱ्या पाड्यावर नेण्याचें काम त्याच्याकडून होत नाहीं.

केंद्र सरकारनें १९८२ मध्यें अपारंपरिक ऊर्जेसाठीं स्वतंत्र विभाग काढला. महाराष्ट्रांत ‘महाऊर्जा’ ही संस्था त्याच दशकांत उभी राहिली. पुढें तार न पोंचलेल्या गांवांसाठीं जे सौर संच ठरविण्यांत आले, त्यांचा एक प्रचलित नमुना असा होता : छपरावर ३७ वॅटचा सौर पत्रा, घरांत १२ व्होल्टची ४० ॲम्पिअर-तासांची बॅटरी, आणि ९ वॅटचे दोन सीएफएल. हिशेब पाहा. दोन दिवे, इन्व्हर्टरचा खर्च धरून, सुमारें २० वॅट. चार तास जाळले तर ८० वॅट-तास. बॅटरींत ४८० वॅट-तास सांठतात. म्हणजे रोज सहावा हिस्सा खर्चावयाचा व बाकीचा ढगाळ दिवसांसाठीं राखावयाचा. प्रपंच काटकसरीनें करणाऱ्या गृहिणीस हें गणित निराळें शिकवावें लागत नाहीं.

तथापि ज्या घरीं संच बसला, तेथें दिवा टिकलाच असें म्हणतां येत नाहीं. बॅटरींत ऊर्ध्वपातित पाणी घालावें लागतें. तें न मिळाल्यास पट्ट्या उघड्या पडून निकामी होतात. बॅटरी पार रिकामी होईपर्यंत वापरली तर तिच्यांत गंधकाचा क्षार घट्ट बसतो. स्वस्त इन्व्हर्टर नळीचीं टोंकें न तापवितांच तिला झटक्यानें पेटवितो. तीं टोंकें काळीं पडतात, व वर्षें चालावयाचा दिवा कांहीं महिन्यांत संपतो. नवी नळी मिळणार तालुक्याच्या गांवीं, आणि त्या खेपेंत दिवसाची मजुरी बुडणार. दिवा देणें सोपें. दिव्याची दुरुस्ती पाड्यावर ठेवणें हेंच कठीण.

सातपुड्यांत सूर्याचीहि एक मर्यादा आहे. पावसाळ्यांत आठवडेच्या आठवडे आभाळ भरलेलें असतें. परंतु सूर्य जेव्हां दडतो, नेमके तेव्हांच ओढे भरून वाहतात. सेकंदाला १०० लिटर पाणी १० मीटर खालीं पडलें, तर त्यांत सुमारें १० किलोवॅट शक्ति असते. चक्र व जनित्र यांतील नाश वजा जातां निम्मी-अधिक हातीं लागते. हिंदुस्थानांतील जलविद्युतेचा आरंभहि लहानच होता. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथें १८९७ मध्यें सुरू झालेलें केंद्र अवघ्या १३० किलोवॅटचें होतें.

आतां प्रकरणाचा मुख्य भाग. सरदार सरोवर धरणामुळें अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील नर्मदाकांठचीं ३३ गांवें बाधित ठरलीं. तेथें नर्मदा बचाव आंदोलन चालू असतांनाच केरळांतील दोन तरुण अभियंत्यांनीं ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’ या नांवानें या डोंगरांत काम आरंभिलें. डोमखेडी येथें २००० सालीं एका ओहोळावर त्यांनीं ३०० वॅटचें चिमुकलें केंद्र उभें केलें. तीनशें वॅट म्हणजे साधे ६० वॅटचे बल्ब केवळ पांच! परंतु तेवढीच वीज ९ वॅटच्या नळ्यांस दिली, तर तिसाहून अधिक दिवे लागतील. थोड्या विजेच्या मुलखांत दिव्याची निवड हीच अर्धी वीजनिर्मिति आहे, हें या एका भागाकारावरून स्पष्ट होतें.

त्यानंतर उदई नदीच्या धबधब्यावर बिलगांव येथें १५ किलोवॅटचें केंद्र झालें. गांवकऱ्यांनीं श्रमदान केलें. दगड, वाळू, सिमेंट हातोहात वाहून बंधारा व कालवा बांधला. २००३ च्या आरंभीं सुमारें ३०० घरांत आणि तेथील जीवनशाळेंत दिवे लागले. घरागणिक वांटणी ५० वॅट. साध्या बल्बास ती पुरी पडत नाहीं, पण नळीच्या दिव्यांनीं सारें घर उजळतें. २००४ मध्यें आलेल्या ‘स्वदेस’ या चित्रपटांत गांवकरी ओढ्याच्या पाण्यावर वीज करतात, तें दृश्य आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्या कथेचें मूळ बिलगांवांत आहे, असें सांगितलें जातें.

चित्रपट जेथें संपतो, तेथें इतिहास थांबत नाहीं. २००६ मध्यें धरणाची उंची १२१.९२ मीटरपर्यंत वाढविण्याचें काम चालू होतें. त्याच पावसाळ्यांत बिलगांवचें केंद्र पाण्याखालीं गेलें, आणि तीन-साडेतीन वर्षें उजळलेलीं घरें पुन्हां चिमणीवर आलीं. सरदार सरोवराची वीजनिर्मितीची क्षमता १४५० मेगावॅट आहे, व तिच्यांतील २७ टक्के वांटा महाराष्ट्राचा. बिलगांवचें केंद्र म्हणजे या क्षमतेचा जवळजवळ लाखावा हिस्सा.

या आंकड्यांतून कोणी म्हणेल, लाखाव्या हिश्शासाठीं इतका शोक कशाला? मीं आयुष्यभर शाळेंत गणित शिकविलें, म्हणून सांगतों कीं हा भागाकार बरोबर असून त्याचा अर्थ चुकीचा आहे. मोठ्या केंद्राची वीज कोठें जाईल हें दूरचा माणूस ठरवितो. लहान केंद्राची वीज ज्याच्या अंगणांत पडते, त्यानेंच त्याचे दगड वाहिलेले असतात. धरणें बांधूं नयेत असा निष्कर्ष मीं काढीत नाहीं; त्या पाण्यानें गुजरातेंत पुष्कळांची तहान भागविली, हेंहि खरें आहे. परंतु ज्यांच्या ओसरीवरून पाणी गेलें, त्यांच्या घरीं तारेची वीज आधीं पोंचावयास हवी होती, इतका न्याय मागण्यास कोणत्याहि पक्षाचा असण्याची गरज नाहीं.

नळीच्या दिव्याचा काळहि आतां सरला. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल २०१४ मध्यें तीन शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. हा दिवा बॅटरीच्या कमी दाबावर सहज चालतो. त्यास शेंकडों व्होल्ट नकोत, पारा नको, आणि नळीपेक्षांहि कमी विजेंत तो तितकाच उजेड देतो. २०१५ पासून सरकारी योजनेंतून हे दिवे स्वस्तांत वांटले गेले. पाऱ्याच्या दिव्यांस जगभर निरोप देण्याचेंहि मिनामाता करारान्वयें ठरलें आहे.

तरी या मधल्या दिव्यानें एक धडा घालून दिला, तो जुना होणार नाहीं. वीज किती आहे हें विचारण्यापूर्वीं ती किती पुरवून वापरतां येते हें विचारावें, आणि दिवा लावून देणाऱ्यानें तो दुरुस्त करणारा हात त्याच पाड्यावर तयार करावा. आज रात्रीं घरांतील दिवा मालवितांना श्रोत्यांनीं क्षणभर बिलगांवच्या त्या पन्नास वॅटची आठवण करावी, एवढीच विनंती करून मीं आपली रजा घेतों.