चुलीपुढची एकाग्रता

चित्त एकाग्र कसे करावे याविषयीचा उपदेश आज मुबलक मिळतो. भ्रमणध्वनी दूर ठेवावा, दार लावून घ्यावे, वगैरे. कल्याण-डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात लावून घ्यायला वेगळे दार नसते, हे उपदेशकांच्या गावीही नसते. पण आमच्या मनात याहून मूलभूत प्रश्न आहे: काम कोणते आणि व्यत्यय कोणता, हे ठरवतो कोण?

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या कल्याणच्या यमुनेचा विवाह नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि ती आनंदी झाली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. म्हणजे वाचनाची संस्था गावात होती, पण घरातल्या सुनेच्या हाती पुस्तक ही वेगळी गोष्ट होती. माहेरच्या माणसांचा अडथळा नको म्हणून गोपाळरावांनी अलिबागला बदली करून घेतली. व्यत्यय टाळण्याचा हा त्यांचा मार्ग, गावच बदलण्याचा.

मात्र आजी सोबत गेली आणि चूलही. अभ्यास टाकून आनंदी स्वयंपाकात रमलेली पाहून गोपाळरावांनी तिला मारल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. स्वयंपाक केला नाही म्हणून मारणारे नवरे लोकांना ठाऊक होते, केला म्हणून मारणारा नवा होता. शेजाऱ्यांच्या लेखी पुस्तक हा व्यत्यय होता, गोपाळरावांच्या लेखी चूल. मुलीला स्वतःला काय वाटते, हे दोन्ही पक्षांनी विचारले नाही. आजीजवळ बसून भाजी चिरण्यात तिचे चित्त स्थिर होत नसेल असे कशावरून?

चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. पुढे वैद्यकाकडे वळण्यामागे हे दुःख होते, असे मानले जाते, आणि ते आम्हांस पटते. इथून पुढची एकाग्रता तिची स्वतःची आहे. १८८३ साली ती एकटी अमेरिकेस गेली. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना आजारपण, थंडी, परका आहार असे व्यत्यय काही कमी नव्हते. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी तिने पदवी घेतली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे निधन झाले, तेव्हा बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीमुळे गोपाळरावांचा हट्ट मराठी वाचकाच्या मनात पक्का बसला. त्या हट्टाचे फळ पाहून तो क्षम्य मानण्याची सवयही आपल्याला लागली आहे. विद्यार्थ्यांनी कादंबरीसोबत आनंदीबाईंची पत्रेही वाचावीत, असे आम्हांस वाटते. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात त्या बालपणीच्या माराची आठवण काढतात, आणि ती वागणूक चांगली होती की वाईट हे ठरवणे कठीण आहे, असे म्हणतात. परिणाम पाहता एक उत्तर मिळते, कोवळ्या मनावर काय झाले ते पाहता दुसरे. त्या दोन्ही उत्तरे लिहितात आणि एकही खोडत नाहीत.